टॉनिकची बाटली आणि वरणाची वाटी

गेल्या महिन्यात आमच्या चाळीतल्या एक ताई संध्याकाळी घरी आल्या. हातात कागदाच्या पिशवीत औषधाची बाटली. त्यांचा धाकटा मुलगा सहा वर्षांचा, अंगाने किरकोळ. शाळेत बाईंनी वजन केले आणि विचारले, “घरी याला जेवायला घालता की नाही?” तो शब्द ताईंना लागला. चार घरची धुणीभांडी करून मुलाला शाळेत घालणाऱ्या आईला हा प्रश्न! त्या तडक औषधाच्या दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, “पोराच्या अंगाला लागेल असं काहीतरी द्या.” दुकानदाराने ही बाटली काढून दिली. दोन दिवसांची मजुरी त्यात गेली.

“भाऊ, एवढं महाग यात आहे तरी काय, ते वाचून सांगा,” ताई म्हणाल्या.

लेबलावरची बारीक अक्षरे वाचली. साखर, रंग, वास, काही जीवनसत्त्वे आणि ठळक अक्षरांत एक नाव: लायसिन.

“आणि काल रात्री पोराने काय खाल्लं?” मी विचारले.

“भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी रेशनचा भात होता. डाळ रोज कुठं परवडते?”

वाचकहो, या दोन वाक्यांत ताईंच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे. बाटलीत जे लायसिन विकत घेतले, ते ताटात नव्हते. आणि ज्या पैशात बाटली आली, त्याच पैशात ते ताटात आणता आले असते, पोटभर आणले असते. कसे, ते आज पाहू.

खिळे संपले की काम थांबते

आपले स्नायू, रक्त, कातडी, केस, रोगाशी लढणारे घटक, सारे प्रथिनांचे बनलेले आहेत. प्रथिन म्हणजे एक लांब माळ. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. हे मणी २० प्रकारचे. त्यांतले ११ शरीर स्वतः घडवू शकते. उरलेले ९ मात्र अन्नातूनच यावे लागतात. त्या नवांपैकी एक म्हणजे लायसिन.

जुन्या छापखान्यात कंपोझिटर शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करायचा, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. समजा, खणातले सगळे खिळे भरपूर आहेत, पण ‘ल’ अक्षराचे खिळे निम्मेच आहेत. मग काय होईल? ‘ल’ संपला की पान तिथेच अडेल. ‘क’ आणि ‘म’ कितीही शिल्लक असले तरी उपयोग नाही. शरीराचेही तसेच आहे. प्रथिन घडवताना लायसिन कमी पडले की काम मागे पडते. उरलेली अमिनो आम्ले शरीर साठवून ठेवत नाही, ती जाळून टाकते. म्हणजे पोटात गेलेल्या प्रथिनाचा एक हिस्सा चुलीत घातलेल्या लाकडासारखा नुसता जळून जातो.

आणि आपल्या धान्यांत नेमका हाच खिळा कमी असतो.

उंदरांनी सांगितलेली गोष्ट

१८८९ साली एडमंड ड्रेक्सेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दुधातल्या केसीन या प्रथिनातून लायसिन वेगळे काढले. पण त्याचे महत्त्व कळायला आणखी २५ वर्षे गेली. अमेरिकेत न्यू हेवन येथे थॉमस ऑसबॉर्न आणि लाफायेट मेंडेल हे दोघे शास्त्रज्ञ पांढऱ्या उंदरांवर प्रयोग करीत होते. त्यांनी उंदरांच्या पिल्लांना साखर, चरबी, क्षार सगळे दिले. प्रथिन मात्र एकच दिले, गव्हातले ग्लायाडिन. पिल्ले मेली नाहीत. आजारीही दिसत नव्हती. पण ती वाढतच नव्हती! वयाने मोठी, अंगाने पिल्लेच. मग त्याच खाण्यात थोडेसे लायसिन मिसळले, आणि थांबलेली वाढ पुन्हा सुरू झाली. ही गोष्ट १९१४ ची.

तेव्हा कळले की नुसते पोट भरले म्हणजे शरीराची गरज भागली, असे नाही. भूक मरते, पण वाढ होत नाही. अशी उपासमार बाहेरून दिसत नाही, म्हणून ती जास्त फसवी.

घरचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम लायसिन लागते. तीन ते दहा वर्षांच्या मुलाला दर किलोमागे ३५ मिलिग्रॅम आणि एक-दोन वर्षांच्या बाळाला ४५ मिलिग्रॅम. पूर्वी, १९८५ च्या अहवालात, मोठ्या माणसाची गरज अवघी १२ मिलिग्रॅम धरली होती. ती अडीचपट वाढली, यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी भारतीय माणसांवरच काळजीपूर्वक चाचण्या करून दाखवले की जुना आकडा फार तोकडा होता. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वर्षानुवर्षे कमी खाऊन राहिलेल्या आणि पोटात जंत असलेल्या माणसांची गरज याहूनही जास्त होती, आणि जंताचे औषध दिल्यावर ती खाली आली. म्हणजे ज्याच्या ताटात कमी, त्याचीच गरज अधिक!

आता ५० किलो वजनाच्या कष्टकरी माणसाचा हिशेब मांडू. त्याला रोज १५०० मिलिग्रॅम, म्हणजे दीड ग्रॅम लायसिन हवे. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा कळायला पुरेसे आहेत.

३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या: सुमारे ७०० मिलिग्रॅम.
३०० ग्रॅम तांदळाचा भात: सुमारे ८०० मिलिग्रॅम.
३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या: सुमारे ९०० मिलिग्रॅम.

म्हणजे नुसत्या धान्यावर पोट भरले तरी लायसिनची गरज निम्मी किंवा थोडी जास्तच भागते. त्यातही शिजवलेल्या ज्वारीचे प्रथिन पूर्ण पचत नाही, म्हणून हाती येते ते आणखी कमी.

आता त्यात ६० ग्रॅम तूरडाळीचे वरण घाला. डाळीतून सुमारे ९०० मिलिग्रॅम मिळतात. ज्वारीचे ७०० आणि डाळीचे ९०० मिळून १६०० झाले. माणूस तोच, भाकरी तीच, पण खण भरला.

यात आणखी एक गंमत आहे. डाळीत लायसिन भरपूर, पण मिथिओनिन नावाचे दुसरे आवश्यक अमिनो आम्ल कमी. ते धान्यात असते. म्हणजे भाकरीचे उणे डाळ भरून काढते आणि डाळीचे उणे भाकरी. पिठले-भाकरी, वरण-भात, खिचडी, मटकीची उसळ-पोळी, आमटी-भाकरी ही आपल्या आजी-पणजीची जेवणे याच जोडीवर उभी आहेत. १९९५ साली महाराष्ट्रात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली होती. त्या योजनेचे पुढे काय झाले ते सोडा, पण जोडी मात्र शास्त्राला धरून होती.

शेंगदाण्याची चटणी डाळीची जागा घेते का? बऱ्याच जणींचा असा समज आहे. शेंगदाणा पौष्टिक आहे, त्यात तेल आहे, ताकद आहे. पण त्याच्या प्रथिनात लायसिन धान्याइतकेच कमी. ३० ग्रॅम शेंगदाण्यातून २५०-३०० मिलिग्रॅम मिळतात, तेवढ्याच डाळीतून ४०० च्या वर. तिळाचेही तसेच. म्हणून चटणी जरूर खा, पण चटणी झाली म्हणजे डाळ झाली असे समजू नका.

आणि ज्यांच्या घरी अंडी-मासळी चालते त्यांना तर मार्ग सोपा. एका अंड्यात ४०० मिलिग्रॅमहून थोडे जास्त. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात ५०० च्या आसपास. मूठभर सुका जवळा किंवा सुके बोंबील, वजनाने २० ग्रॅम, यातून पाऊण ते एक ग्रॅम. ज्या सुक्या मासळीला कोणी नाक मुरडते, ती या हिशेबात कोणत्याही टॉनिकला मागे टाकते.

ताईंचा मुलगा १८ किलोचा. त्याला रोज ६३० मिलिग्रॅम हवे. भाकरी-भाताबरोबर ३० ग्रॅम डाळीचे एक वाटी घट्ट वरण, किंवा एक अंडे, किंवा दुपारी मूठभर फुटाणे, एवढ्यात त्याचे काम होते. आता बाटलीवर पाहा: एका चमच्यात किती मिलिग्रॅम लिहिले आहे? चमचे मोजा, बाटली किती दिवस पुरेल ते मोजा आणि किंमत भागा. मग वाटीशी ताडून पाहा. हे गणित घरातल्या सातवी-आठवीच्या मुलीला घालावे. तिचाही अभ्यास होईल आणि घराचे पैसेही वाचतील.

शरीरात त्याचे काम काय?

लायसिन फक्त वाढीसाठी नाही. हाडे, कातडी, रक्तवाहिन्या यांना धरून ठेवणारा दोर म्हणजे कोलॅजन. या दोराचे पेड एकमेकांना जिथे बांधले जातात, ती गाठ लायसिनच्या मण्यावर बसते. ती गाठ नीट बसायला क जीवनसत्त्व आणि थोडे तांबे लागते. म्हणून वरणावर लिंबू पिळणे नुसत्या चवीसाठी नाही. शिवाय शरीर लायसिनपासून कार्निटिन बनवते. चरबीला पेशीच्या भट्टीपर्यंत वाहून नेणारा हा हमाल. तो नसेल तर चरबी असूनही तिची ऊर्जा मिळत नाही.

पेशीच्या गाभ्यातही लायसिन आहे. आपली आनुवंशिक सूत्रे ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेली असतात, त्या रिळांवर लायसिनचे मणी खूप. १९६४ साली व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी दाखवले की या मण्यांवर एक छोटा रासायनिक गट चिकटला की सूत्र सैल होते आणि त्यावरचा संदेश वाचता येतो. कर्करोगात ही उघडझाप बिघडलेली सापडते. ती सुधारणारी काही औषधे निघाली असून त्यांतले व्होरिनोस्टॅट हे कातडीच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २००६ साली मंजूर झाले.

कोंबडीचा हिशेब होतो, लेकराचा होत नाही

आज जगात दरवर्षी लाखो टन लायसिन कारखान्यांत बनते. १९५० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी मातीतला एक जिवाणू शोधला. त्याला साखर घातली की तो अमिनो आम्ले बनवून बाहेर टाकतो. हे एवढे लायसिन जाते कुठे? मुख्यतः कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात. कोंबडी लवकर वजनदार व्हावी म्हणून पोल्ट्रीवाला मका-सोयाच्या खाद्यात लायसिन किती टक्के आहे ते मोजतो आणि कमी असेल तर वरून घालतो. या धंद्यात पैसा एवढा की संगनमताने भाव चढवल्याबद्दल १९९६ साली अमेरिकेत एका बड्या कंपनीला लायसिन आणि सायट्रिक आम्ल या दोन मालांसाठी मिळून दहा कोटी डॉलर दंड भरावा लागला.

वाचकहो, यात कोंबडीवाल्याचा दोष नाही. पण विचार करा. बाजारात विकायच्या कोंबडीच्या ताटातले लायसिन मिलिग्रॅममध्ये मोजले जाते आणि आपल्या लेकरांच्या ताटात काय आहे, ते कोणी विचारत नाही. विचारले तरी बोल आईलाच लागतो.

धान्यातच लायसिन वाढवता येणार नाही का? तेही प्रयत्न झाले. १९६४ साली अमेरिकेत दुप्पट लायसिनचा मका सापडला. पण त्याचे दाणे मऊ, कीड लवकर लागे, उतारा कमी. शेतकऱ्यांनी नाकारला. मेक्सिकोतल्या संशोधन केंद्रात सुरिंदर वासल या भारतीय शास्त्रज्ञाने आणि एव्हांजेलिना व्हियेगास या मेक्सिकन बाईंनी वर्षानुवर्षे खपून तो टणक आणि भरघोस केला. २००० साली दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्वारीतही १९७३ साली इथिओपियात जास्त लायसिनचे वाण सापडले. मात्र त्याचे दाणे सुरकुतलेले होते, ते आपल्या शेतापर्यंत पोचले नाही. तोवर भाकरीला डाळीचीच सोबत.

बाळंतिणीचा जीव वाचवणारा शोध

लायसिनच्या अभ्यासातून निघालेली एक गोष्ट प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे जपान. शहरे जळालेली, पैसा नाही. शोसुके आणि उताको ओकामोतो हे डॉक्टर नवरा-बायको संशोधनाला लागले. विषय निवडला रक्ताचा. कारण काय? पैसे कमी पडले तर संशोधनासाठी निदान स्वतःचे रक्त तरी काढता येईल! उताकोबाई तान्ह्या लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करीत.

जखम झाली की रक्ताची गुठळी धरते आणि रक्त थांबते. नंतर प्लाझ्मिन नावाचा घटक ती गुठळी विरघळवतो. पण मोठ्या रक्तस्रावात तो वेळेआधीच गुठळी मोडू लागतो आणि रक्त वाहतच राहते. हा प्लाझ्मिन गुठळीला धरतो तो तिच्यावरच्या लायसिनच्या मण्यांना पकडून. ओकामोतो दांपत्याला दिसले की लायसिनने त्याला थोडा अडथळा होतो. मग त्यांनी लायसिनसारखे दिसणारे, पण जास्त जोराने काम करणारे रसायन शोधायला घेतले. १९६२ साली ते जाहीर केले: ट्रानेक्झॅमिक आम्ल. कुलपात भलतीच किल्ली अडकवून ठेवावी, म्हणजे खरी किल्ली आत जात नाही, असा हा प्रकार.

बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मरणाऱ्या बायकांसाठी हे औषध वापरावे, असे उताकोबाईंना तेव्हापासून वाटत होते. डॉक्टरांना ते पटवायला अर्धशतक गेले. अखेर २१ देशांतल्या २०,००० हून अधिक स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. २०१७ साली निकाल आला. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत हे इंजेक्शन मिळाले, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटतात. हा निकाल पाहायला उताकोबाई नव्हत्या. २०१६ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या.

बोध एवढाच की ‘तीन तास’ हा शब्द ध्यानात ठेवा. बाळंतपण दवाखान्यातच करा, आणि नंतर रक्त जास्त जात असेल तर ‘बघू सकाळी’ म्हणून रात्र काढू नका.

सिकलसेल आणि एक चुकलेला मणी

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल नवा नाही. आपल्या अनेक घरांत तो आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्ल हवे, तिथे व्हॅलिन आले की सिकलसेल होतो. त्याच जागी लायसिन आले तर हिमोग्लोबिन ‘सी’ होते, आणि २६ व्या जागी आले तर हिमोग्लोबिन ‘ई’, जे ईशान्य भारतात आणि बंगालकडे आढळते. १४६ मण्यांत एक मणी बदलला की एवढा फरक! हा बदल जन्मजात असतो. जास्त किंवा कमी लायसिन खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. कोणाचा शाप नाही, मागच्या जन्मीचे पाप नाही. रक्ताची साधी तपासणी होते. लग्नाआधी मुलामुलीने दोघांनीही ती करावी. पत्रिकेपेक्षा हा कागद महत्त्वाचा.

क्वचित काही बाळांत लायसिन पचवणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असते. मग त्याचे अर्धवट मोडलेले घटक मेंदूला इजा करतात. अशा बाळांना लायसिन कमी असलेला आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावा लागतो. त्यातल्याच एका प्रकारात नवजात बाळाला झटके येतात, ते नेहमीच्या औषधाने थांबत नाहीत, पण बी-६ जीवनसत्त्वाने थांबतात. म्हणून तान्ह्याला झटके आले तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

क्षयरोग आणि दीड किलो डाळ

शेवटी आपल्या वस्त्यांचा जुना वैरी, क्षयरोग. त्याचा जंतू आपले लायसिन स्वतः बनवतो. त्या वाटेवरचाच एक पदार्थ तो आपल्या कवचाच्या भिंतीत वापरतो. माणसाच्या शरीरात ही वाट मुळातच नाही. म्हणून ती बंद करणारे औषध सापडले तर जंतू मरेल आणि माणसाला धक्का लागणार नाही, या आशेने शास्त्रज्ञ शोध घेत आहेत. हे काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

पण दुसरे एक काम प्रत्यक्ष वस्तीत झाले आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरी राहणाऱ्या १०,००० हून अधिक माणसांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. काही गावांत फक्त रोग्याला शिधा दिला. काही गावांत घरातल्या इतरांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. हे फळ एकट्या लायसिनचे नाही, पोटभर अन्नाचे आहे. पण प्रमाण पाहा: तीन भाग धान्याला जवळजवळ एक भाग डाळ. वरच्या हिशेबात पाच भाग धान्याला एक भाग डाळ होती, हे प्रमाण त्याहूनही भरघोस आहे.

आता आपले रेशनकार्ड आठवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य दिले. अंत्योदयच्या घराला ३५ किलो. मात्र डाळीचा हक्क त्यात नाही. सणासुदीला कधी चणाडाळीची पिशवी मिळाली, पण सणाने वर्ष निघत नाही. पाच किलो मिळाले, राहिली ती वरची दीड किलो. महिला मंडळाच्या बैठकीत, वॉर्डाच्या सभेत, मते मागायला येणाऱ्यांपुढे ही मागणी ठेवायला हवी. घरात क्षयरोगी असेल तर सरकारकडून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते दरमहा १००० रुपये केले आहेत. नाव नोंदले आहे की नाही, बँकेचे खाते जोडले आहे की नाही, ते दवाखान्यात विचारून घ्या.

लक्षात ठेवा

१. तीन वाटी धान्याला एक वाटी डाळ किंवा कडधान्य, असा महिन्याचा बाजार भरा. डाळ एकाच दिवशी घट्ट आणि चार दिवस नाही, असे करण्यापेक्षा रोज थोडी हवी. शरीर लायसिन साठवत नाही.
२. तूर महाग असेल तर चवळी, मटकी, मसूर, कुळीथ, हरभरा, जे स्वस्त असेल ते घ्या. लायसिनच्या बाबतीत सगळ्या बहिणी सारख्याच.
३. वरणाचे नुसते पाणी मुलाला देऊ नका. खालचा गाळ हीच डाळ.
४. शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती मुलाला जरूर द्या.
५. मूल वारंवार आजारी पडत असेल, वजन घटत असेल, दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर टॉनिक आणण्याआधी दवाखान्यात दाखवा.

वाचकांच्या शंका

प्रश्न: ओठांवर वारंवार जर येतात. लायसिनच्या गोळ्या घेतल्या तर थांबतात, असे ऐकले. खरे का?
उत्तर: या जरेचे कारण हर्पिस नावाचा विषाणू. लायसिनने तो आटोक्यात राहतो, असा बोलबाला बराच आहे. मात्र आजवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा त्याने ही जर टळते असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. डॉक्टरांकडे याचे वेगळे औषध असते.

प्रश्न: भूक वाढवणारे टॉनिक मुलाला द्यावे का?
उत्तर: अशा काही बाटल्यांत लायसिनबरोबर सायप्रोहेप्टाडिन हे औषधही असते. त्याने भूक वाढते, पण झोप येते, मूल शाळेत पेंगते. लेबलावर ते नाव दिसले तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका.

प्रश्न: वडिलांना मूत्रपिंडाचा विकार आहे. त्यांनाही जास्त डाळ द्यावी काय?
उत्तर: नाही. त्यांच्या प्रथिनांचे माप डॉक्टरांनीच ठरवायचे. हा लेख निरोगी माणसांच्या ताटाबद्दल आहे.

ताईंची गोष्ट राहिली. ती बाटली परत करता आली नाही, ती संपली. दुसरी आणली नाही. त्या पैशाची डाळ आणि फुटाणे आणले. मुलाला महापालिकेच्या दवाखान्यात दाखवले, तिथे जंताचे औषध मिळाले. महिन्यात पोरगा पैलवान झाला, असे मी सांगणार नाही. वाढ काही रात्रीत होत नाही. पण परवा तो जिन्यात भेटला, तेव्हा त्याच्या खिशात फुटाणे वाजत होते. त्यातले चार त्याने माझ्या हातावर ठेवले.

पुढील अंकी: रक्तक्षय आणि लोखंडाची कढई.